सीताअशोकाची रोपं करताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी बिया धुतल्या, पेपरवर पसरल्या आणि ठाण्यातल्या गॅलरीत आठवडाभर खणखणीत वाळवल्या. आई वालाचं बी तसंच राखायची ना! पेरलेल्या चाळीसपैकी एकही उगवली नाही. उकरून बघितलं तर आत सुरकुतलेला तपकिरी गर.

सीताअशोकाची बी वाळली की मरते. मे-जूनमध्ये शेंगा काळपट होऊन तडकायला लागल्या की बिया काढायच्या आणि त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत पेरायच्या. तोवर ओलसर गोणपाटात ठेवा, फ्रीजमध्ये नको. बी आडवी ठेवून तिच्या जाडीइतकीच माती वर घाला.

त्याआधी झाड तरी नीट ओळखा. नर्सरीत नुसतं 'अशोक' म्हटलं की बहुतेकदा सोसायटीच्या गेटवरचा तो उंच, सरळसोट आसुपालवच हातात पडतो. आपला सीताअशोक पसरट, शेंदरी फुलांच्या गुच्छांचा. औषधासाठी साल ओरबाडून ओरबाडून तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेलाय. बिया एकाच झाडाच्या घेऊ नका, पाच-सहा झाडांच्या मिसळा. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात मात्र परवानगीशिवाय हात घालायचा नाही, ते राष्ट्रीय उद्यानात येतं. बागांमधली, देवळांजवळची लावलेली झाडं शोधा, तीही विचारून.

नवी पालवी तांबूस आणि मरगळल्यासारखी लोंबती येते. ती पाहून घाबरून पाणी ओतणारे मी खूप पाहिलेत. रोप ठणठणीत असतं, मुळं मात्र त्या पाण्याने कुजतात. आधी मातीत बोट घालून बघा. पानांच्या कडा करपल्या असतील तर बहुधा ऊन जास्त झालंय. लहानपणी त्याला सावलीच हवी.

पिशवी छोटी असेल तर मूळ तळाशी गोल फिरतं, आणि असं रोप जमिनीत गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत बसकण मारतं. उंच पिशवी घ्या.

जागेची चूक सगळ्यात महागाची. खारघरच्या उघड्या उतारावर, कातळावर हे झाड लावून फोटो काढण्यात अर्थ नाही. ओढ्याकाठची, मोठ्या झाडांखालची ओलसर जागा बघा आणि पहिल्या दोन-तीन दमदार पावसांनंतर लावा. शेजारी उंच काठी रोवून लाल चिंधी बांधा. ऑगस्टात गवत कंबरेला लागतं आणि कोयत्याला रोप दिसत नाही.