घरचे जुने कागद स्कॅन करायला बसण्याआधी

आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद, जुने सातबारे, लग्नाचे कृष्णधवल फोटो बाहेर काढलेत, तर आधी डिस्कवर जागा किती उरली आहे ते बघा. ए-फोर पान 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) रंगीत घेतलं की कॉम्प्रेशन नसलेली टिफ फाइल साधारण 26 एमबीची होते, 600 ला तिच्या चौपट. म्हणजे 600 च्या शंभर पानांना 10 जीबी लागतात. मध्येच डिस्क भरली तर शेवटची फाइल अर्धवट राहते. काच पुसून घ्या, टाचण्या काढा. कागद पातळ असून मागची शाई उमटत असेल, तर पाठीशी काळा कार्डपेपर ठेवा.

मूळ प्रत टिफमध्येच ठेवा, एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावून. फाइल लहान होते आणि चित्रातलं काहीही जात नाही. पीएनजीही चालेल. जेपीईजी मात्र मूळ प्रतीसाठी नको. दुरुस्ती करून पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो, आणि बोरूच्या अक्षरांभोवती धूसर ठिपके दिसू लागतात. नातेवाइकांसाठी टिफवरूनच जेपीईजी काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोडी कागदांना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ सेटिंग कधीच लावू नका. पुसट झालेली रेघ त्यात पांढरी होऊन जाते, आणि मोडीत तेवढ्यानं अक्षर बदलतं. रंगीतच घ्या.

सातबाऱ्याच्या पीडीएफला जेबिग-टू हे काळ्या-पांढऱ्या पानांसाठीचं कॉम्प्रेशन लावू नका, असं मी आग्रहानं सांगेन. त्याच्या एका प्रकारात सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांसाठी एकच आकृती वापरली जाते. 2013 साली जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं, की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत 6 चा 8 होत होता. गट नंबरात किंवा क्षेत्रात असं झालं, तर पान इतकं स्वच्छ दिसतं की कुणाला शंकाही येत नाही.

फाइलींची नावं आधीच ठरवून ठेवा. आमची पहिली फाइल नावापाशीच अडली होती, कारण मी ‘7/12’ लिहिलं होतं. विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तारका चालत नाहीत. ‘सातबारा’ असं अक्षरी लिहा, तारीख 1961-05-12 अशी.

तरीही सेव्ह होत नसेल, तर फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करून बघा. तिथे झाली, तर अडचण फोल्डरच्या परवानगीची. मेमरी कार्ड असेल, तर कडेची कुलपाची खिट्टी तपासा. पेनड्राइव्ह फॅट-32 या जुन्या फॉरमॅटचा असेल, तर त्यावर 4 जीबीची फाइल मावत नाही. मोठा गठ्ठा तुकड्यांत सेव्ह करा. फोटो 16 बिटमध्ये (रंगांच्या जास्त छटा धरणाऱ्या सेटिंगवर) घेतला असेल, तर नेहमीच्या जेपीईजीसाठी आधी 8 बिटवर आणावा लागतो.

फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्या प्रतीतल्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि मगच दप्तर पुन्हा बांधा.