एमबीए सीईटी: दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं आणि सोडून देण्याचा सराव

राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए/एमएमएस सीईटीत २०० प्रश्न असतात आणि वेळ १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातले ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे, २५ आकृत्यांचे म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंगचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. प्रत्येक प्रश्नाला एक गुण. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. विभागवार वेळेचं बंधन नाही, कुठूनही सुरुवात करता येते. फॉर्म भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचा, क्लासच्या फलकावर विसंबू नका.

या आकड्यांतच तयारीची दिशा आहे. सुटे प्रश्न पाहिले तर फार कठीण नसतात, बरेचसे बँक पीओच्या परीक्षांच्या धाटणीचे असतात. निवांत बसून दिले तर चांगल्या विद्यार्थ्याला त्यातले बहुतेक येतील. दीडशे मिनिटांत सगळे होत नाहीत, तिथे परीक्षा सुरू होते. म्हणून कोणता प्रश्न हातात घ्यायचा आणि कोणता दहा सेकंदांत सोडायचा, हे शिकणं ही या परीक्षेची अर्धी तयारी आहे. दुर्दैवाने बहुतेक विद्यार्थी तिचा सराव अजिबात करत नाहीत.

साधा हिशोब मांडून बघा. १६० प्रश्न नीट सोडवले आणि त्यातले ८५ टक्के बरोबर आले तर १३६ गुण. उरलेल्या ४० प्रश्नांना डोळे झाकून पर्याय दिले आणि पाचात एकच बरोबर धरला तरी सरासरी ८ गुण मिळतात. वरच्या टोकाला एकेका गुणावर बरीच मुलं असतात, तिथे आठ गुण फार मोठे. मुंबईच्या जमनालाल बजाज मॅनेजमेंट संस्थेसाठी खुल्या गटात ९९.९ पर्सेंटाइलच्या पुढेच बोलणं सुरू होतं, आणि एक लाख उमेदवार धरले तर ९९.९ म्हणजे तुमच्या वर फक्त शंभरेक जण. तिथे पोहोचायचं असेल तर एकही प्रश्न कोरा ठेवणं परवडत नाही.

कोरे प्रश्न शेवटच्या मिनिटात भरू, असं ठरवू नका. ते मिनिट कधीच मिळत नाही. प्रश्न सोडतानाच एखादा पर्याय नोंदवा, पुन्हा बघायची खूण करून ठेवा आणि पुढे जा. वेळ उरला तर परत या, नाही उरला तर उत्तर नोंदलेलं आहेच. खूण केलेलं उत्तर तपासणीत धरतात का, हे परीक्षेआधी स्क्रीनवर येणाऱ्या सूचनांत लिहिलेलं असतं. ते तेवढं लक्ष देऊन वाचा.

लॉजिकल रीझनिंग: इथे जास्त दिवस द्या

७५ गुणांचा हा विभाग बाकी सगळ्यांना मागे टाकतो, आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तोही इथेच. बैठकव्यवस्था आणि कोड्यांचे पाच-पाच प्रश्नांचे संच येतात. एका संचाला ठरलेल्या गतीने पावणेचार मिनिटं मिळतात. सोपे सुटे प्रश्न तुम्ही वीस सेकंदांत उडवलेत, तर संचाला पाच-साडेपाच मिनिटं देता येतात, त्याहून जास्त नाही.

संच घ्यायचा की सोडायचा, हे पहिल्या तीस सेकंदांत ठरवा. तीन गोष्टी बघायच्या. एक, किती प्रकारची माहिती जुळवायची आहे? आठ माणसं एका रांगेत, एवढंच असेल तर घ्या. आठ माणसं, आठ मजले, आठ शहरं आणि आठ पगार असतील तर तो संच मागे ठेवा. दोन, पक्की विधानं किती? ‘क हा डावीकडून तिसरा’ हे पक्कं विधान, ‘क आणि म शेजारी नाहीत’ हे नुसतं नकारी. सुरुवातीला दोन पक्की विधानं सापडली नाहीत तर तीन-तीन आकृत्या काढाव्या लागतात आणि वेळ तिथेच जातो. तीन, एकूण माणसांची संख्या अनिश्चित आहे का? ‘काही माणसं रांगेत उभी आहेत’ अशी सुरुवात असेल तर तो संच शेवटी.

गोल टेबलावर सगळ्यांची तोंडं मध्याकडे असतील तर उजवी बाजू घड्याळाच्या उलट दिशेने जाते आणि डावी घड्याळाच्या दिशेने. तोंडं बाहेर असतील तर याच्या उलट. हे दर वेळी मान वळवून ठरवत बसू नका. सरावाच्या पहिल्या आठवड्यातच हाताला बसवा आणि आकृतीत प्रत्येक नावापुढे बाण काढायची सवय लावा. काहींची तोंडं आत आणि काहींची बाहेर असलेल्या संचात चुका इथेच होतात.

सिलॉजिझममध्ये, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायच्या प्रश्नांत, ‘ओन्ली अ फ्यू’ हा शब्दप्रयोग हमखास फसवतो. ‘ओन्ली अ फ्यू अ आर ब’ याचे एकाच वेळी दोन अर्थ धरायचे: काही अ हे ब आहेत, आणि काही अ हे ब नाहीत. दुसरा अर्थ सोडला की ‘सगळे अ हे ब असू शकतात’ हा निष्कर्ष बरोबर वाटतो, आणि तो चूक असतो. व्हेन आकृती काढा, पण एकच. सगळ्या शक्यता काढत बसायला वेळ नाही. असमानता, नातेसंबंध, दिशा आणि कोडिंग-डिकोडिंग हे सुटे प्रश्न आधी संपवा. त्यांत वीस-तीस गुण लवकर हाती लागतात आणि मन स्थिर होतं.

विधान-गृहीतक, कारण-परिणाम, उपाययोजना या प्रश्नांत मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीमुळे अडखळतात असं समजलं जातं. प्रत्यक्षात खरी चूक वेगळी असते: ती स्वतःच्या माहितीवरून उत्तर देतात. परिच्छेदात लोकलच्या गर्दीबद्दल लिहिलं असेल तर रोज डोंबिवलीहून येणाऱ्याला त्यावर मत असतंच. ते बाजूला ठेवायचं. जे लिहिलंय तेवढ्यावरून काय ठरतं, एवढंच विचारायचं.

आकृत्या, इंग्रजी, गणित

आकृत्यांचे २५ प्रश्न बारा-तेरा मिनिटांत झाले पाहिजेत. पूर्ण चित्राकडे बघू नका. एकच घटक धरा, समजा काळा ठिपका, आणि तो कसा सरकतो ते बघा: ४५ अंश, ९० अंश, एक कोपरा, दोन कोपरे, की आळीपाळीने. तेवढ्यावर दोन-तीन पर्याय गळतात. मग दुसरा घटक. तीस सेकंदांत नियम दिसला नाही तर पर्याय नोंदवून पुढे जा. हा विभाग हट्ट करण्याजोगा नाही. रोज वीस आकृत्या सोडवल्या की नियम पुन्हा पुन्हा तेच येताना दिसतात.

पेपर इंग्रजीत असतो. ५० गुणांच्या या विभागाला पंचवीस ते तीस मिनिटं पुरतात, कारण रिकाम्या जागा, चूक शोधा, समानार्थी शब्द हे प्रश्न पंधरा-वीस सेकंदांत होतात. चूक शोधायच्या प्रश्नांत नियमांची यादी लहान आहे: कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ, शब्दयोगी अव्यय, आर्टिकल, सर्वनाम, तुलना. प्रत्येक नियमाचे पन्नास प्रश्न करा, जाड व्याकरण पाठ करू नका. उताऱ्यासाठी मात्र वाचनाला पर्याय नाही. रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख आणि एक अर्थविषयक लेख वाचा, आणि प्रत्येक परिच्छेद कशासाठी आलाय ते मनात मराठीत एका वाक्यात सांगा. तसं सांगता आलं नाही, तर परिच्छेद कळलेला नाही.

गणितात चाळीस मिनिटांत ५० प्रश्न बघायचे आहेत. कॅल्क्युलेटर नाही. म्हणून ३० पर्यंत पाढे, ४० पर्यंत वर्ग, २० पर्यंत घन आणि अपूर्णांकांची टक्केवारी तोंडपाठ हवी: एक सप्तमांश म्हणजे १४.२८, एक अष्टमांश १२.५, एक नवमांश ११.११, एक एकादशांश ९.०९, एक द्वादशांश ८.३३ टक्के. ६४८ चे ३७.५ टक्के विचारले तर गुणाकार मांडू नका, ३७.५ टक्के म्हणजे तीन अष्टमांश, ६४८ चा आठवा भाग ८१, तिप्पट २४३. विक्री ८४ वरून ९६ झाली तर वाढ १२, म्हणजे एक सप्तमांश, १४.२८ टक्के. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत ती याच कामासाठी. घरात कुणा आजोबांना येत असेल तर जरूर शिकून घ्या, टक्केवारीत फार उपयोगी पडते.

टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, व्याज, काळ-काम, वेग-अंतर, मिश्रण, संख्यामालिका, तक्ते आणि आलेख एवढ्यावर बहुतेक प्रश्न असतात. क्रमचय, संभाव्यता थोडी येते. कॅटची, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करून इकडे आलेली मुलं नोव्हेंबरनंतरही बीजगणित आणि भूमिती खोल करत बसतात. कॅटमध्ये तीन विभागांना प्रत्येकी चाळीस मिनिटांचं कुलूप आणि चुकीला गुणकपात, त्यामुळे तिथे थांबून विचार करणं फायद्याचं. इथे तीच सवय घातक. कॅट झाल्यावर नवा विषय उघडू नका. सोप्या प्रश्नांचा वेग वाढवा.

वेळापत्रक आणि मुंबई

नोकरी करणाऱ्याला चार महिने पुरतात, रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी पाच. पहिले दोन महिने प्रकरणं, तिसऱ्यात घड्याळ लावून विभागवार चाचण्या, चौथ्यात पूर्ण मॉक म्हणजे सराव परीक्षा. लोकलच्या प्रवासाला अभ्यासाचा वेळ धरताना खरं धरा. विरारच्या गाडीत उभं राहून आकृती काढून बैठकव्यवस्था सुटत नाही. तिथे वाचन, पाढे, शब्द आणि असमानता एवढंच होतं, आणि तेवढं पुरेसं आहे. कागद लागणारं काम घरी किंवा अभ्यासिकेत करा. चाळीतल्या किंवा वन-रूममधल्या घरात अडीच तास सलग शांतता मिळत नसेल, तर मॉकसाठी तरी अभ्यासिकेत जागा बघा. मध्ये उठून दिलेला मॉक काहीच सांगत नाही.

मॉक किती द्यायचे? शेवटच्या दोन महिन्यांत वीस-पंचवीस. रोज एक देणाऱ्यांचे गुण बहुधा एकाच जागी अडकतात, कारण तपासायला वेळ उरत नाही. अडीच तासांच्या मॉकला किमान तेवढाच वेळ तपासणीला द्या. वहीत प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: येत नव्हतं, वाचण्यात चूक, आकडेमोडीत चूक, किंवा वेळ जास्त गेला. शेवटचं कारण बरोबर आलेल्या प्रश्नांपुढेही लिहायचं. तीन मिनिटं खाऊन मिळालेला एक गुण हा तोटाच आहे, कारण तेवढ्यात चार सोपे प्रश्न झाले असते. सोडून दिलेले प्रश्नही नंतर सोडवा आणि बघा, त्यांतले किती खरं तर सोपे होते. तो आकडा आठवड्यागणिक उतरला पाहिजे. नाही उतरला तर निवड चुकतेय, अभ्यास नाही.

मॉक खऱ्या परीक्षेच्या सत्राच्या वेळीच द्या. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल तुमच्या सत्रातल्या उमेदवारांवरून काढतात. त्यामुळे दुसऱ्या सत्रातल्या मित्राचे कच्चे गुण तुमच्यापेक्षा जास्त असले तरी त्यावरून काहीच ठरत नाही. पेपर अवघड वाटला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. तशा वेळी आणखी मोकळेपणाने प्रश्न सोडा.

हॉल तिकीट आल्यावर केंद्राचा पत्ता नकाशावर बघा. दादरच्या माणसाला वसई किंवा नवी मुंबई येऊ शकते. परीक्षा रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते तपासा. मध्य, हार्बर आणि पश्चिम, तिन्ही. हजेरीच्या वेळेआधी पाऊण तास पोहोचायचं धरून निघा.

निकालाआधीच करायची कामं

चांगले पर्सेंटाइल मिळूनही दर वर्षी काही मुलांच्या जागा जातात, आणि त्या कागदांपायी जातात. सीईटीची नोंदणी वेगळी आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी वेगळी. दुसरी केली नाही तर निकालाचा उपयोग नाही. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव गटासाठी ४५ टक्के लागतात. अधिवास दाखला, जात प्रमाणपत्र, जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर आधीच काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअरवर ३१ मार्चपर्यंतची मुदत लिहिलेली असते, ती चालू वर्षापुरती आहे ना ते बघा. जातवैधतेचा अर्ज प्रलंबित राहू शकतो, तो परीक्षेच्या अभ्यासाआधी टाका.

कॅपमध्ये कॉलेजांचे पर्याय भरताना बजाज, सिडनहॅम अशी क्रमवारी तुमच्या इच्छेने लावा, गेल्या वर्षीच्या कटऑफने नाही. वर ठेवलेला पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. उलट बाजूचा धोका खरा आहे: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. मिळेल ना मिळेल या भीतीने नको असलेलं कॉलेज पहिल्या ओळीत टाकू नका.