मेतकुटाच्या बरणीवर दुपारचा कवडसा कसा पाडावा

मेतकूट, गोडा मसाला, लोणची, उटणे विकणाऱ्या घरगुती उद्योजकांकडून दिवाळीच्या आधी एक मागणी हमखास येते: फोटो पाहून जुन्या घराची आठवण आली पाहिजे. त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की जुन्या बाजारातून पितळी डबे, कंदील, अडकित्ता आणि जमल्यास जाते गोळा करावे, ते सगळे उत्पादनाभोवती मांडावे आणि शेवटी संगणकावर चित्राला पिवळट छटा द्यावी. मी स्वतः दोन वर्षे हेच करत होतो. त्यातून जे तयार होते त्याला फार तर वस्तुसंग्रहालयातले दालन म्हणता येईल. घर त्यात दिसत नाही, कारण घराची आठवण वस्तूंच्या आधी उजेडाने जागी होते. म्हणून मांडणीचे काम मी पुढे दोन परिच्छेदांत उरकले आहे आणि उरलेला लेख उजेडाला दिला आहे.

आधी साल ठरवावे. ‘जुना काळ’ नावाचा कोणताही काळ नसतो. ज्याला माल विकायचा आहे त्या ग्राहकाचे बालपण असते. आज पन्नाशीत असलेल्या ग्राहकाचे स्वयंपाकघर 1980च्या आसपासचे असणार, आणि तोवर बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली पितळेची भांडी मोडीत जाऊन फळीवर स्टीलचे डबे आलेले होते. कंदील त्याच्या आजीच्या आठवणीतला आहे, त्याच्या नाही. मेतकुटासाठी मी तीनच वस्तू घेतो: वर तपकिरी आणि खाली पांढरी अशी चिनी मातीची बरणी, तिच्या तोंडाला बांधलेला धुऊन विरलेला दादरा, आणि जिच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव व लग्नाची तारीख कोरलेली आहे अशी स्टीलची वाटी. ते ठिपके दिसतील असा वाटीचा कोन साधावा. दहा कंदील मांडून जे होत नाही ते त्या कोरलेल्या तारखेने होते.

खाली शहाबादी फरशी, मागे नीळ घातलेल्या चुन्याची भिंत. मऊ भात सगळ्यात शेवटी वाढावा आणि तूप त्याहून शेवटी.

आता उजेड. पहिल्या मोठ्या कामात मी भंगारातून आणलेली गजांची खिडकी स्टँडला बांधली आणि तिच्यामागे हाताशी असलेला सगळ्यात मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या पडद्यातून उजेड पसरवून मऊ करणारी पेटी, लावला, कारण खिडकीतून येणारा उजेड मऊ असतो असे मला शिकवले गेले होते. दोन दिवस खटपट करूनही फरशीवर गजांची सावली म्हणून उमटला तो एक करडा डाग, आणि चित्र ढगाळ दिवशी दातांच्या दवाखान्यात काढल्यासारखे आले. चूक मांडणीत नव्हती. मला हवा होता कवडसा आणि मी दिवा लावला होता मळभाचा.

कवडसा कसा बनतो हे समजल्याखेरीज तो पाडता येत नाही. जुन्या कौलारू घरात कौलाच्या फटीतून जमिनीवर पडणारा ठिपका गोल असतो. फट वेडीवाकडी असली तरी तो गोलच असतो, कारण ती प्रत्यक्षात सूर्याची प्रतिमा असते, आणि म्हणूनच खंडग्रास ग्रहणाच्या वेळी तो चंद्रकोरीसारखा होतो. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की गजापासून फरशी एक मीटर दूर असेल, तर सावलीच्या कडेची पुसट पट्टी साधारण एक सेंटीमीटर रुंद असते, आणि अर्ध्या मीटरवर ती अर्धा सेंटीमीटर होते. कड ठाशीव, पण ब्लेडने कापल्यासारखी नाही, ही आपल्या डोळ्यांच्या ओळखीची दुपार आहे. दिव्याने तीच कड हवी असेल, तर गजांच्या जागेवरून पाहताना दिवाही सूर्याएवढाच दिसला पाहिजे, म्हणजे त्याची रुंदी त्याच्या अंतराच्या सुमारे एकशेसातव्या भागाइतकी असली पाहिजे. दिवा गजांपासून तीन मीटरवर असेल, तर ही रुंदी तीन सेंटीमीटरही भरत नाही. फ्लॅशचा अठरा सेंटीमीटरचा साधा रिफ्लेक्टर, म्हणजे दिव्याभोवतीची चकचकीत वाटीसुद्धा, त्या अंतरावर सहापट मोठा ठरतो. सॉफ्टबॉक्सचे तर बोलायलाच नको.

यावर उपाय स्वस्त आहे. सीओबी प्रकारच्या, म्हणजे सगळे एलईडी एकाच लहान चकतीवर दाटीने बसवलेल्या दिव्याचा रिफ्लेक्टर आणि पुढचा पांढरा पडदा दोन्ही काढून टाकावे. आतली प्रकाश देणारी चकती दोन-तीन सेंटीमीटरचीच असते. फ्लॅशच वापरायचा असेल, तर त्याच्या तोंडावर काळा जाड कागद लावून त्याला तीन सेंटीमीटरचे भोक पाडावे. उजेड पुष्कळ कमी होतो, त्याची चिंता करू नये. बरणी कुठे पळून जात नाही. कॅमेरा तिपाईवर असला की एलईडीपुढे शटर अर्धा सेकंद उघडे ठेवता येते. भाताची वाफ तेवढी वेगळी टिपून नंतर जोडावी लागते.

जागा अपुरी पडते म्हणून दिवा एक मीटरवर आणण्याचा मोह होईल, तो टाळावा. खऱ्या उन्हात गजांच्या सावल्या एकमेकींना समांतर राहतात, जवळच्या दिव्याने त्या पंख्यासारख्या फाकतात, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी फोटो खोटा आहे हे त्याला कळते. दिवा फरशीपासून वीस ते पंचवीस अंश उंच ठेवावा. पंचवीस अंशांवर वस्तूच्या उंचीच्या दुपटीहून थोडी लांब सावली पडते, आणि शाळा सुटून घरी आल्यावर दिसणारे ऊन साधारण असेच असते. गज उभेच असावेत आणि आडवी पट्टी एखादीच. नुसत्या आडव्या पट्ट्यांची सावली कचेरीतल्या पडद्याची दिसते, स्वयंपाकघराची नाही. दिवा आणि गज यांच्या मधोमध कढीपत्त्याची एक फांदी टांगली, तर तिची सावली गजांपेक्षा पुष्कळ पुसट पडते आणि खिडकीबाहेर परसदार आहे असा भास आपोआप होतो.

मग खरे ऊनच का वापरू नये, असे विचारले जाते. जरूर वापरावे, पण खिडकीपासून दोन मीटरवरचा कवडसा दहा मिनिटांत निदान आठ-नऊ सेंटीमीटर सरकतो, आणि ग्राहकाचा फोनवरून होकार येण्यास त्याहून जास्त वेळ लागतो.

कवडसा जमला, की सावल्या राखाव्यात. इथेही उलटा सल्ला मिळतो: समोरून पांढरा थर्माकोल धरा, सावल्या उजळा. स्टुडिओच्या पांढऱ्या भिंतीच नको तितका उजेड परत फेकत असतात, म्हणून मी समोर काळे कापड टांगतो आणि सावलीचा भाग उन्हापेक्षा अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळोखा राहील एवढे पाहतो. वाड्याचे स्वयंपाकघर अंधारेच असे. त्या अंधाराखेरीज कवडशाला किंमत येत नाही. अपवाद फक्त लेबलाचा. गजाची सावली उत्पादनाच्या नावावर कधीही पडू देऊ नये. उन्हाची कड बरणीच्या खांद्यावरून आणि झाकणावरून जावी, आणि लेबलापुरता पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा चौकटीच्या अगदी बाहेर उभा करावा. आणि जुनाट दिसावे म्हणून लेबल घासणे, जाळणे, चहात बुडवणे हे प्रकार कृपया करू नयेत. ग्राहकाला दुकानात मिळणार तेच, हिरव्या ठिपक्यासकट, छायाचित्रात दिसले पाहिजे.

रंगाबाबत मी हट्टी आहे. सेपिया ही कृष्णधवल छायाचित्रावर केली जाणारी रासायनिक प्रक्रिया होती, ज्यात चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होऊन चित्र तपकिरी होते. डोळ्यांनी पाहिलेली कोणाचीही दुपार सेपिया नव्हती. घरच्या अल्बममधले 1970च्या दशकातले रंगीत फोटोसुद्धा बहुधा पिवळे पडत नाहीत. अंधारात राहून त्यांतला निळसर रंग आधी उडतो आणि ते लालसर होतात. शिवाय मेतकूट मुळातच पिवळे. सगळे चित्र पिवळे केले की विकायची वस्तूच त्यात हरवते. त्याऐवजी दिव्यावर सीटीओ जातीचा, अर्ध्या तीव्रतेचा नारिंगी जिलेटिन कागद लावावा, म्हणजे 5500 केल्विनचा प्रकाश सुमारे 3800वर येतो (आकडा जितका कमी तितका उजेड ऊबदार), आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सोय, हाताने 5000च्या आसपास पक्का करावा. तो ऑटोवर राहिला, तर कॅमेरा ते ऊन इमानेइतबारे पांढरे करून टाकतो. सावलीच्या बाजूला, छताकडे तोंड केलेला, कागद न लावलेला अगदी मंद दिवा असावा, कारण खऱ्या खिडकीतून उन्हाबरोबर आकाशाचा निळसर उजेडही आत येतो. ऊन ऊबदार आणि सावली थंड असली, की संगणकावर करण्यासारखे फारसे उरत नाही. मी तिथे काळ्या रंगाची धार किंचित बोथट करतो आणि थांबतो.

ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांवर उत्पादनाचे मुख्य छायाचित्र शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवरच लागते, त्यामुळे हे चित्र तिथे दुसरे किंवा तिसरे म्हणून जाते. पांढऱ्या पार्श्वभूमीचे काम सकाळी, गज उभे करण्याआधी उरकून घ्यावे. एकदा कवडसा बरणीवर नीट बसला, की तो मोडून पांढरा कागद अंथरायला कोणाचा हात धजत नाही, आणि ते काम दुसऱ्या दिवसावर जाते.