मालिशीच्या जोडीला कप: आखडलेल्या खांद्यासाठी
सोलापुरात यंत्रमागावर तुटलेले धागे वाकून जोडणाऱ्यांचे खांदे मानेपाशी दगडासारखे होतात. आधी 10 मिनिटं कोमट तिळाच्या तेलानं मालीश करा. मग पंपाचा कप, म्हणजे आतली हवा पंपानं ओढली की कातडीला चिकटणारा कप, लावून एक-दोनदाच हवा ओढा. कातडी जराशी उचलली की पुरे. कप मानेच्या बुडापासून खांद्याकडे सावकाश सरकवा, 3 ते 5 मिनिटं. अडला तर ओढ जास्त आहे किंवा तेल कमी. ओढून नेऊ नका, कातडी सोलवटते.

एकाच जागी ठेवायचा कप मात्र तेल पुसून लावा, नाहीतर निसटतो. इथल्या उन्हाळ्यात घामानंही तेच होतं. पहिल्यांदा 5 मिनिटांवर नको, फोड येतात. मणक्यावर, जखमेवर, फुगलेल्या शिरांवर लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कप नकोच, हलकी मालीशही डॉक्टरांना विचारूनच.