आंतरराष्ट्रीय वित्त व्यवस्थापन शिकताना या चुका टाळा

या विषयातलं गणित अवघड नाही. गुणाकार, भागाकार आणि व्याज, एवढ्यावर बहुतेक उदाहरणं सुटतात. तरी उत्तरं चुकतात, कारण कागदावर आकडा उतरतो, पण तो कोणत्या चलनातला, कोणत्या तारखेचा आणि कोणाच्या खिशातला हे उतरत नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या तीनपैकी एका ठिकाणी होतात.

दर उलटा वाचणं

युरो–डॉलर १.१० म्हणजे एका युरोला १.१० डॉलर. किंमत पहिल्या चलनाची, मोजमाप दुसऱ्या चलनात. हे पाठ असूनही टक्केवारीत पाय घसरतो. दर १.१० वरून १.२१ झाला तर युरो १० टक्के महागला, पण डॉलर १० टक्के पडला नाही, तो ९.०९ टक्के पडला. चढ आणि घट वेगवेगळ्या पायावर मोजली जाते.

बिड (बँक घेते तो दर) आणि आस्क (बँक विकते तो दर) यांचा गोंधळ तर नेहमीचा. दर १.०९९८/१.१००२ असा असेल, तर १० लाख युरो विकून १०,९९,८०० डॉलर मिळतात आणि तेवढेच युरो घ्यायला ११,००,२०० डॉलर लागतात. हे बँकेचे दर आहेत: बँक स्वस्तात घेते, महागात विकते. शंका आली की जो दर तुम्हाला तोट्याचा, तोच तुमचा. क्रॉस दर (तिसऱ्या चलनामार्फत काढलेला दोन चलनांचा दर) काढतानाही हाच नियम लावा. डॉलर–येन १५०.००/१५०.०४ असेल तर युरो–येनचा बिड १.०९९८ × १५०.०० = १६४.९७, आणि आस्क १.१००२ × १५०.०४ = १६५.०७. दोन्हीकडचे सरासरी दर घेऊन गुणलं तर उत्तर सुबक दिसतं, पण त्या भावाला व्यवहार होत नाही.

फॉरवर्डला भाकीत समजणं

ही चूक सगळ्यात चिवट आहे. फॉरवर्ड दर म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आजच ठरवलेला दर. तो बाजाराचा अंदाज नव्हे; तो आजच्या दोन व्याजदरांमधून निघणारा हिशेब आहे. आजच्या दराला दुसऱ्या चलनाच्या व्याजाने गुणा आणि पहिल्याच्या व्याजाने भागा. युरो–डॉलर १.१०, डॉलरचं व्याज ५ टक्के, युरोचं ३ टक्के, मुदत एक वर्ष: १.१० × १.०५ ÷ १.०३ = १.१२१४.

गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली तर उत्तर १.०७९० येतं. ते पकडायला सूत्र आठवायची गरज नाही. जास्त व्याजाचं चलन फॉरवर्डमध्ये स्वस्त दिसायला हवं. इथे डॉलरचं व्याज जास्त, म्हणजे एका युरोला जास्त डॉलर लागले पाहिजेत. १.०७९० उलट्या दिशेला गेलं, इथेच चूक कळते.

दुसरी चूक मुदतीची. व्याजदर नेहमी वर्षाचे सांगितले जातात. ९० दिवसांसाठी ५ टक्क्यांचे १.२५ आणि ३ टक्क्यांचे ०.७५ टक्के होतात. फॉरवर्ड येतो १.१०५५. तिथे वार्षिक दर टाकले तर तोच १.१२१४ मिळतो, आणि १० लाख युरोंवर जवळपास १६,००० डॉलरची तफावत पडते.

कर्ज पूर्ण रकमेचं काढणं

९० दिवसांनी १० लाख युरो यायचे आहेत आणि फॉरवर्डऐवजी कर्ज-ठेवीच्या मार्गाने हेजिंग, म्हणजे दर बदलण्यापासून बचाव, करायचं आहे. विद्यार्थी हटकून १० लाख युरोंचं कर्ज काढतात. मग मुदतीअंती ७,५०० युरोंचं व्याज कशातून भरणार? आजची कर्जाची रक्कम हवी १०,००,००० ÷ १.००७५, म्हणजे ९,९२,५५६ युरो. ते १.१० ने विकले की १०,९१,८११ डॉलर, ते १.२५ टक्क्यांनी ठेवले की ११,०५,४५९ डॉलर. फॉरवर्डनेही नेमकं एवढंच मिळतं. दोन्ही मार्ग जुळले नाहीत आणि उदाहरणात कर्जाचे व ठेवीचे दर एकच असतील, तर चूक तुमच्या आकडेमोडीत आहे. प्रत्यक्षात कर्ज महाग पडतं आणि ठेवीवर कमी मिळतं, म्हणून बहुतेक वेळा फॉरवर्ड सरस ठरतो.

टेंडर भरलंय पण काम मिळेल की नाही ठाऊक नाही, अशा वेळी फॉरवर्ड घेणं धोक्याचं. काम हुकलं तरी फॉरवर्ड पाळावाच लागतो, आणि हेज म्हणून घेतलेला करार उघडा सट्टा होऊन बसतो. तिथे ऑप्शन (ठरलेल्या दराने व्यवहार करण्याचा हक्क, सक्ती नाही), कारण न वापरल्यास नुकसान प्रीमियमपुरतंच, म्हणजे त्या हक्कासाठी दिलेल्या रकमेपुरतंच.

तीन जोखमींची खिचडी

व्यवहाराची जोखीम म्हणजे ठरलेली, पण अजून न आलेली किंवा न दिलेली रक्कम. रूपांतराची जोखीम म्हणजे उपकंपनीचा ताळेबंद मूळ कंपनीच्या चलनात आणताना दिसणारा फरक. आर्थिक जोखीम म्हणजे दर हलल्यामुळे पुढच्या विक्रीवर आणि खर्चावर होणारा परिणाम. ती कुठल्याच बिलावर दिसत नाही.

रूपांतराचा तोटा आयएएस २१ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार इतर सर्वसमावेशक उत्पन्नात (नफा-तोट्याबाहेर दाखवल्या जाणाऱ्या बदलांत) जातो आणि उपकंपनी विकेपर्यंत नफा-तोट्यात उतरत नाही. तो कागदावरचा तोटा झाकायला फॉरवर्ड घेतला, तर फॉरवर्डचा तोटा मात्र खऱ्या रोखीत द्यावा लागतो. हे करावंच असं वाटत असेल तर आधी कारण लिहून काढा: कर्जाच्या करारातलं एखादं गुणोत्तर मोडत असेल तर ते कारण आहे, ‘अहवालात बरं दिसत नाही’ हे नाही.

आर्थिक जोखीम विसरली की काय होतं, याचं जुनं पण उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनीची विमान कंपनी लुफ्थान्सा. १९८५ च्या सुरुवातीला कंपनीने बोइंगकडून २० विमानं सुमारे ५० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि निम्म्या रकमेवर एका डॉलरला सुमारे ३.२ मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) या दराने फॉरवर्ड घेतला. वर्षभरात डॉलर २.३ मार्कच्या आसपास आला. २५ कोटी डॉलरवर ०.९ मार्कचा फरक, म्हणजे सुमारे २२.५ कोटी मार्क जादा गेले. वर्गात इथे ‘हेजिंग फसलं’ असं म्हणून पान उलटतात. तो निष्कर्ष कच्चा आहे, कारण नंतर कळलेल्या दरावरून आधीचा निर्णय तोलणं हीच एक चूक. विचारण्याजोगा प्रश्न वेगळा: कंपनीची काही कमाई डॉलरशी बांधलेली होती का? होती. मग डॉलर पडला की देणं आणि येणं दोन्ही घटणार होती, आणि फॉरवर्डने ही आपोआपची सांगड काही अंशी मोडली. ब्रिटनच्या लेकर एअरवेजचं उलट झालं. कमाई मुख्यतः पौंडात, विमानांचं कर्ज डॉलरमध्ये. डॉलर वधारला आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बुडाली.

परदेशी प्रकल्पाला घरचा डिस्काउंट रेट

एका परदेशी प्रकल्पात आज स्थानिक चलनात १,००० घालायचे, वर्षाने १,२५० यायचे. घरचा डिस्काउंट रेट (पुढची रक्कम आजच्या किमतीत आणायचा दर) १० टक्के, घरची महागाई २, तिथली १५. स्थानिक चलनातल्या १,२५० ला थेट १० टक्के लावले तर निव्वळ वर्तमानमूल्य (आजच्या किमतीतली आवक वजा गुंतवणूक) १३६ येतं आणि प्रकल्प झकास वाटतो. पण त्या १,२५० मध्ये १५ टक्के महागाई मुरलेली आहे, १० टक्क्यांत फक्त २. स्थानिक दर हवा १.१० × १.१५ ÷ १.०२, म्हणजे २४.०२ टक्के. आता उत्तर येतं जेमतेम ८.

दुसऱ्या वाटेने पडताळा. आज घरच्या एका नाण्याला १० स्थानिक असतील, तर महागाईच्या फरकाने वर्षाने ११.२७ होतील. १,२५० चे ११०.८७ झाले, १० टक्क्यांनी आणले की १००.७९, वजा १००: ०.७९, म्हणजे स्थानिक चलनात पुन्हा ८ च. दोन्ही वाटा एका जागी येईपर्यंत पुढे जाऊ नका.

देशाची जोखीम दोनदा मोजण्याचीही सवय असते: आवक कमी धरायची आणि वर डिस्काउंट रेटही वाढवायचा. एकच करा.

शिवाय नफा उपकंपनीचा की मूळ कंपनीच्या हातात पडणारा? करपूर्व नफा १००, तिथला कर २५, उरलेल्या ७५ च्या लाभांशावर १० टक्के स्रोतावरील कर, पोचतात ६७.५. रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्क उपकंपनीला खर्च असतो, मूळ कंपनीला उत्पन्न. नव्या कारखान्यामुळे त्या देशात होणारी निर्यात बंद पडणार असेल, तर तो बुडालेला नफाही वजा करा. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच.

स्थिर दर आणि जुनी पुस्तकं

दर हलत नाही म्हणजे जोखीम नाही, हे चूक. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला १.२० फ्रँकची किमान पातळी राखली होती. १५ जानेवारी २०१५ रोजी ती अचानक सोडली आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली घसरला. त्याआधीच्या तीन वर्षांच्या आकड्यांवरून काढलेलं चढउताराचं माप अगदी निवांत दिसत होतं.

उदाहरणात डॉलर लायबॉर (बँका एकमेकींकडून कर्ज घेतात त्याच्या अंदाजावरून ठरणारा संदर्भ व्याजदर) दिसला की पान जुनं आहे असं समजा. त्याचे बँक-पॅनेलवर आधारित दर ३० जून २०२३ नंतर बंद झाले; आता सोफर, म्हणजे अमेरिकी सरकारी रोख्यांच्या तारणावरच्या एका रात्रीच्या कर्जांचा दर. लायबॉर मुदतीच्या सुरुवातीलाच कळायचा, तर सोफरच्या बऱ्याच करारांत रोजचे दर चक्रवाढीने जोडून व्याज शेवटी ठरतं, त्यामुळे रोख प्रवाहाचा तक्ताही वेगळा मांडावा लागतो.

उत्तर जुळत नसेल तर

आधी प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर चलन लिहा. निम्म्या चुका तिथेच उघड्या पडतात. मग व्याजदर मुदतीला वाटलेत का ते बघा. त्यानंतर बिड-आस्कची बाजू. फरक फक्त शेवटच्या एखाद-दोन दशांशांत उरला असेल तर दिवस मोजा: डॉलर आणि युरोला वर्ष ३६० दिवसांचं धरतात, पौंडाला ३६५ चं, आणि स्पॉटचे, म्हणजे आजच्या दराने केलेल्या व्यवहाराचे, पैसे बहुतेक जोड्यांत दोन कामकाजी दिवसांनी पोचतात, अमेरिकी–कॅनेडियन डॉलरमध्ये एकाच.