हिवाळ्यात नागपूरभोवती माळरान आणि तलावांवर पक्षी पाहताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की नागपूरहून पहाटे निघालेल्या गाड्या थेट एखाद्या तलावाच्या पाळीवर जाऊन थांबतात आणि दिवसाची पहिली चूक तिथेच होते. त्या वेळी पाण्यावर धुके असते. ते विरेपर्यंत बदकांच्या जागी करड्या ठिपक्यांखेरीज काही दिसत नाही आणि कंटाळलेली मंडळी पाळीवर मोठ्याने गप्पा मारू लागतात. मी सूर्योदयाला माळरानावर असतो. भोवत्या (हॅरियर हे शिकारी पक्षी) रातथारा, म्हणजे रात्री मुक्काम केलेली जागा, सोडून गवतालगत उडू लागतात, गप्पीदास कुसळीच्या शेंड्यांवर येऊन बसतात आणि चंडोल ढेकळांवर ऊन खात असतात. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून लांबचे नीट दिसत नाही, म्हणून तलावाकडे मी नऊच्या सुमारास वळतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो. त्यामुळे सकाळी तलावाच्या आग्नेय काठावर उभे राहिल्यास ऊन आपल्या पाठीशी राहते आणि पक्ष्यांचे खरे रंग दिसतात. समोरून ऊन घेऊन ‘सगळी बदके काळीच दिसतात’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपली जागा बदलावी.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे पक्ष्यांच्या दिशेने सरळ चालत जाणे. उमरेडच्या बाजूच्या एका तलावावर घडलेला प्रसंग मी प्रत्येक नवख्याला सांगतो. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या पलीकडच्या चिखलावर पट्टकादंबांचा (डोक्यावर पट्टे असलेल्या हंसांचा) थवा विसावला होता. बहुतेकांनी माना पाठीवरच्या पिसांत खुपसल्या होत्या आणि कडेचे एकदोन पक्षी तेवढे जागे होते. अलीकडच्या काठावर आम्ही तिपाईवर दूरदर्शक लावला होता आणि काही शाळकरी मुले आपापल्या पाळीची वाट पाहत उभी होती. इतक्यात मोठ्या लेन्स घेतलेले तिघे जण पलीकडे गाडीतून उतरले आणि गाळपेरीच्या शेतातून थेट थव्याकडे निघाले. आधी कडेच्या पक्ष्याची मान ताठ झाली, मग एकामागून एक सगळ्या माना वर आल्या, थवा एका बाजूला सरकू लागला आणि पुढच्याच क्षणी आवाज करत उडाला. त्याच्यासोबत चक्रवाक उठले आणि पाण्यावरची थापटे बदकेही गेली. त्या तिघांना दूर जाणाऱ्या पाठींची छायाचित्रे मिळाली, मुलांना काहीच दिसले नाही आणि आम्ही तिथे असेपर्यंत थवा परतला नाही.

पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडच्या पठारांवर वीण करतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. रात्री शेतांत आणि गवतावर चरायचे आणि दिवसा पाण्याकाठी विश्रांती घ्यायची, असा त्यांचा येथील दिनक्रम असतो. भरदुपारी त्यांना उठवणे म्हणजे त्यांची झोप मोडणे आणि मार्चमधील परतीच्या प्रवासासाठी साठवायची ताकद वाया घालवणे. म्हणून पहिली मान ताठ झाली की आपण जागीच थांबावे, आणि दुसरी झाली की मागे फिरावे. माझी पद्धत याहून साधी आहे: बाभळीच्या सावलीत किंवा बेशरमीच्या झुडपाआड एक जागा धरायची, बसायचे आणि उठायचे नाही. चक्रांग बदके आणि तुतारी, चिखले यांसारखे काठावरचे छोटे पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात. अर्धा तास बसवत नाही असे म्हणणाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटत नाही. त्यांनी प्राणिसंग्रहालयात जावे.

दुसरी चूक ओळखीच्या घाईची आहे. माळावर तपकिरी भोवती दिसली की मोबाइलवर छायाचित्र चढवायचे, ॲपने दिलेले पहिले नाव उचलायचे आणि यादीत टाकून मोकळे व्हायचे, असे आता सर्रास चालते. पॅलिड आणि माँटेग्यू या दोन्ही भोवत्यांच्या माद्या तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. अशा वेळी अंदाजाने लिहिलेले नाव नोंद बिघडवते. पॅलिड मादीच्या गालावरील गडद भागामागे फिकट कंठपट्टा बहुधा ठळक दिसतो आणि माँटेग्यूत तो नसतो किंवा अस्पष्ट असतो. नर सोपे आहेत: माँटेग्यूच्या पंखावर वरून काळी आडवी रेघ असते, तर पॅलिडच्या पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर असते. यांपैकी काही दिसले नसेल तर वहीत नुसते ‘भोवती, मादी’ लिहावे. त्यात कमीपणा नाही. चिखलात बसलेल्या पाणलाव्याचेही (लांब चोचीचा स्नाइप) तेच: उडताना पंखाची मागची कड पांढरी दिसली तर साधा पाणलावा म्हणावे, अन्यथा थांबावे. ॲप उघडण्याआधी चोच, पायांचा रंग आणि पक्षी काय करत होता हे लिहून काढायची सवय मी सोबतच्या प्रत्येकाला लावतो.

ऑक्टोबरात जाऊन बदकांचे नर रंगीत दिसत नाहीत म्हणून हिरमुसू नये. तेव्हा त्यांची पिसे मादीसारखीच असतात आणि खरे रंग डिसेंबरपर्यंत येतात. केवळ कॅमेरा घेऊन, दुर्बीण न घेता येणे हा मला सर्वांत न पटणारा प्रकार आहे. नवख्याने आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि 42 मिमी भिंगाची, दुर्बीण घ्यावी. दहापटीची हातात जास्त हलते आणि तिच्यात दिसणारा परिसरही लहान असतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत. ड्रोन तर आणूच नये.

माळरानाला ‘रिकामी जागा’ समजून त्यावर गाडी घालणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट बोलतो. विदर्भात या जमिनींचा बराच भाग महसुली नोंदीत झुडपी जंगल आहे आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाला वन मानले आहे. ते बाजूला ठेवले तरी लावे, चंडोल आणि धाविक यांचे सारे आयुष्य त्याच जमिनीवर जाते. बैलगाडीच्या जुन्या चाकोरीवरच गाडी ठेवावी आणि शक्यतो आतूनच पाहावे, कारण पायी माणसापेक्षा उभ्या गाडीला पक्षी कमी बुजतात. दोन्ही अधिवास जवळजवळ हवे असतील तर अंबाझरी जैवविविधता उद्यानातील गवत आणि तलावाचा काठ पायी पुरेसे आहेत.

संध्याकाळी भोवत्या गवतात जमिनीवरच रातथाऱ्याला उतरतात. त्या वेळी गाडीचे दिवे गवताकडे वळवू नयेत, शेवटचा पक्षी उतरल्यावर लगेच निघावे आणि रातथाऱ्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. मी नोंदीसोबत फक्त तालुक्याचे नाव लिहितो.