पॉप-अप कॅम्परमध्ये थंडीची रात्र काढताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की भंडारदरा, पवना, महाबळेश्वर सगळीकडे मुंबईच्या नंबरप्लेटवाल्या कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाड्या, दिसायला लागतात. २०२१ साली राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, आता भाड्यानेही गाड्या मिळतात, काही जण स्वतःच्या गाडीच्या टपावर उघडणारा तंबू बसवून घेतात. लोक हॉटेल सोडून बाहेर झोपायला लागले याचा मला मनापासून आनंद आहे. पण छत वर उचलणारी कॅम्पर म्हणजे खाली पत्रा आणि वर नुसतं कापड, हे लोक विसरतात. आणि थंडीची आपल्याला सवयच नाही, सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोसुद्धा १९६२ च्या जानेवारीतला. त्यामुळे तिकडे आठ-नऊ अंशांत दात वाजायला लागले की माणूस घाबरतो आणि सुचेल ते करतो. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं आणि एक तर जीवावर बेतणारं असतं.

तेच आधी सांगतो. निखारे, शेगडी, गॅस, काहीही पेटतं आत नेऊ नका.

भंडारदऱ्याला एकदा आमच्या शेजारी डोंबिवलीचं एक कुटुंब उतरलं होतं, नवरा-बायको, शाळेत जाणारा मुलगा आणि आजी. भाड्याची कॅम्पर. संध्याकाळी बार्बेक्यू केला, मग गारठा वाढला तसे उरलेले निखारे घमेल्यात भरून त्यांनी आत घेतले, धूर नको म्हणून वर थोडी राख टाकली आणि सगळ्या चेनी गच्च लावून झोपले. बाराच्या सुमारास मुलगा बाहेर येऊन ओकला. मी अजून जागा होतो, पाणी घेऊन गेलो. वडील म्हणाले, "काही नाही हो दादा, चिकन बाधलं असणार." तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या की माझंही डोकं भणभणतंय. आजींना हाक मारली तर नुसतं हूं करून परत डोळे मिटत होत्या. मी विचारलं, "आजींनी चिकन खाल्लं का?" तर म्हणाले, "छे, त्या माळकरी आहेत."

मग आत टॉर्च मारला आणि कोपऱ्यात ते घमेलं दिसलं. सगळ्या चेनी फाडल्यासारख्या उघडल्या, आजींना चादरीतच उचलून बाहेर आणलं, घमेलं लांब नेऊन ओतलं आणि सगळ्यांना गाडीत घालून सरकारी दवाखाना गाठला. तिथे ऑक्सिजन लावला. पहाटेपर्यंत आजी नातवाशी बोलायला लागल्या. तो मुलगा ओकायला उठला नसता तर काय झालं असतं याचा मी आजही विचार करतो.

निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनपेक्षा तो दोनशे पटींहून जास्त घट्ट रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, मग तुम्ही श्वास घेताय पण शरीराला ऑक्सिजन पोचतच नाही. लोकांना वाटतं धूर नाही म्हणजे धोका नाही. खरं तर उलट आहे, धूर असेल तर खोकला तरी येतो, माणूस उठतो, धुमसणारा लाल निखारा मात्र गुपचूप गॅस सोडत राहतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणं, म्हणजे प्रवासाचा शीण किंवा जेवण बाधलं असंच वाटणार. म्हणून माझा ठोकताळा असा: आत झोपलेल्या एकाहून जास्त जणांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर कारण शोधत बसायचं नाही, आधी सगळ्यांनी बाहेर, मग पुढचं. आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक असेच दगावले, त्यात चार लहान मुलं होती. हॉटेलची खोली, गॅसचा हीटर, दारं-खिडक्या बंद. एवढ्या खोलीत असं होतं तर कॅम्परमध्ये जागा ती केवढी! कोणी म्हणेल आम्ही फट ठेवतो, स्टोव्ह दहाच मिनिटं लावतो. मला हे शॉर्टकट मान्य नाहीत. झोपायच्या आधी शेगडीवर स्वतःच्या हाताने पाणी ओतायचं, राख ढवळून परत ओतायचं आणि शेगडी गाडीपासून लांब ठेवायची. गॅस स्टोव्हचा सिलेंडर काढून डिकीत. इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपणं हा त्याच चुकीचा दुसरा अवतार, एक्झॉस्ट गाडीखालून वर येतो आणि वर कापडच आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ऑनलाइन मिळतो, तो उशीच्या उंचीला लावा, आणि अलार्म आहे म्हणून आत शेगडी चालेल असा अर्थ काढू नका.

मग ऊब आणायची कुठून? तुमच्या अंगातूनच. ती फक्त निसटू द्यायची नाही, आणि इथे दुसरी चूक येते जी मला शेगडीखालोखाल खटकते.

पांघरूण ढीगभर, अंथरूण काहीच नाही. कॅम्परचा बेड बऱ्याचदा बाहेर काढलेल्या फळीवर असतो, टपावरच्या तंबूचं तर सगळंच अधांतरी. त्या प्लायच्या खालून रात्रभर वारा वाहतो. वरून दोन ब्लँकेटं, त्यावर दुलई, त्यावर जॅकेट टाकून लोक झोपतात आणि तीन वाजता पाठ गार पडून उठतात, मग अजून एक ब्लँकेट वर टाकतात. अरे, थंडी खालून येतेय! स्लीपिंग बॅगसुद्धा अंगाखाली दबते, आतला कापूस किंवा पिसं चेपली की त्यात हवा उरत नाही आणि ऊब धरणारी ती अडकलेली हवाच असते. सगळ्यात वाईट म्हणजे हवा भरायची गादी. दुकानात मऊ वाटते म्हणून घेतात, पण आतली हवा फिरत राहते, वरची ऊब खालच्या गार फळीला देत राहते.

माझी पद्धत ठरलेली आहे. फळीवर आधी ते अॅल्युमिनियमचा थर असलेलं बबल शीट, त्यावर ट्रेकवाल्यांचं फोम मॅट, नसेल तर घरातली जाड योगा मॅट, मग कॅम्परची गादी, गादीवर घोंगडी आणि टोचू नये म्हणून घोंगडीवर चादर. घोंगडीबद्दल मी हट्टी आहे. धनगर लोक पिढ्यानपिढ्या उघड्या माळावर तिच्यावर झोपत आलेत, लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते, आणि नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. हजारो रुपयांचं इम्पोर्टेड गियर ऑर्डर करण्याआधी एक हातमागाची घोंगडी आणि आजीने शिवलेली एक गोधडी अंगाखाली घालून बघा. बबल शीटचे तुकडे खिडकीच्या मापाने कापून आतून लावले तरी फरक पडतो. काहीच नसेल तर किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे खोके मागून आणा, उलगडून गादीखाली अंथरा, फुकटात काम होतं.

स्लीपिंग बॅग घेताना मोठ्या अक्षरातला तापमानाचा आकडा बघून घेऊ नका. कित्येकदा तो एक्स्ट्रीमचा असतो, म्हणजे जेमतेम जीव वाचण्याचा. झोप लागायची असेल तर कम्फर्टचा आकडा बघायचा.

तिसरी चूक, अंधारात पोचून पाण्याकाठी गाडी लावणं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं, भिवंडीला अडकायचं, कसाऱ्याला चहा, आणि रात्री अकराला पोचून जिथे गाडी शिरेल तिथे छत वर करायचं. आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाला तर लोक अजूनच उशिरा निघतात. फोटोसाठी तलावाच्या अगदी काठावर जागा हवी असते, पण निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगट जागेत साचते. महाबळेश्वरला बघा, वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हा वर बाजारपेठेत तेवढी थंडी नसते. तेव्हा काठापासून थोडं वर, झाडांच्या किंवा बांधाच्या आडोशाला लावा. दार वाऱ्याकडे नको. शक्य असेल तर एक बाजू पूर्वेला ठेवा म्हणजे सकाळचं ऊन लवकर मिळतं. हे सगळं उजेड असतानाच दिसतं, म्हणून अर्धा दिवस रजा टाका किंवा शनिवारी पहाटे निघा. घाई असलेल्या माणसाला थंडी जास्त वाजते असं माझं ठाम मत आहे.

चौथी चूक, सगळ्या खिडक्या ठार बंद करणं. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे ते थेंब तुमच्याच पांघरुणावर पडतात. ओल्या पांघरुणात ऊब कसली राहणार, आणि दुसरा मुक्काम असेल तर ती रात्र पहिल्यापेक्षा वाईट जाते. वारा येत नाही त्या बाजूची वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, समोरची किंचित. सुरुवातीला गार वाटेल, अंगाखाली नीट अंथरलं असेल तर वाटणार नाही. बॅगेत तोंड खुपसून झोपू नका, त्यानेही बॅग आतून ओली होते, त्यापेक्षा कानटोपी घाला.

बाकीच्या पटापट. दिवसभर घामेजलेल्या जीन्समध्ये झोपू नका, झोपायचे कोरडे कपडे आणि मोजे वेगळेच ठेवा. दोन-दोन मोजे घालून पाय आवळू नका, रक्त फिरलं नाही तर बोटं गारच राहणार. रमने ऊब येते हे खोटं आहे, कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. सातला पिठलं-भाकरी खाऊन एकपर्यंत गप्पा मारल्या की पोट रिकामं होतं, झोपायच्या आधी गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की खा. लघवीला लागली तर उठा, थंडीच्या भीतीने दाबून ठेवलं तर झोपही नाही आणि आरामही नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपायच्या अर्धा तास आधी पांघरुणात ठेवा. ती नसेल तर एकपदरी स्टीलची बाटली चालते, झाकण तपासून मोज्यात घालायची म्हणजे चटका बसत नाही. थर्मासचा इथे उपयोग नाही, तो उष्णता बाहेर सोडतच नाही.

आणि परत निघताना कापड ओलं असेल तर घडी घालून विसरू नका. सकाळी घाई करू नका, ऊन चढेपर्यंत छत उघडंच ठेवा, आतून पंच्याने पुसा, गाद्या उलट्या करून वाळवा. तरी दमट राहिलं तर मुंबईत आल्या आल्या त्याच दिवशी परत उघडायचं, सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलं की कंपाउंडात दोन तास जागा देतात. आपल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत काळी बुरशी धरते, आणि ती कापडात एकदा मुरली की वास जात नाही.